मदत हवी आहे: मागच्या खोलीतल्या दोन-तीन फोनमुळे अख्ख्या अभ्यासिकेचं वाय-फाय रखडतं

पंचवटी_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. पंचवटीत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. तीन खोल्या, जाड विटांच्या भिंती, साधारण 35 मुलं. लाइन 100 एमबीपीएसची फायबर. राऊटर पुढच्या खोलीत, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हे वाय-फायचे दोन्ही पट्टे चालू, नेटवर्कचं नाव एकच. एरवी 80-90 मिळतात, पण मागच्या खोलीत दोन-तीन स्वस्तातल्या फोनवर लेक्चरचे व्हिडिओ सुरू झाले की राऊटरशेजारचे चांगले फोनही 5-6 वर येतात. लाइनवाले म्हणतात, 300 चा प्लॅन घ्या. घेऊ का? की प्रत्येकाला 5 एमबीपीएसची मर्यादा घालू?

तारजोडणी
प्लॅन वाढवू नका, पैसे फुकट जातील. फायबर मोकळी आहे, कोंडी हवेत झाली आहे. एका चॅनेलवर (पट्ट्यातल्या एका मार्गिकेवर) एका वेळी एकच यंत्र बोलतं, आणि साध्या राऊटरवर पाळी पॅकेटागणिक, म्हणजे माहितीच्या तुकड्यागणिक मिळते, वेळ मोजून नाही. 1500 बाइटचं पॅकेट 72 एमबीपीएसच्या जोडणीवर 0.17 मिलिसेकंदात जातं. भिंतीआडचा फोन 6.5 वर घसरला की तेच पॅकेट 1.85 मिलिसेकंद घेतं, म्हणजे अकरापट. तेवढा वेळ बाकी सगळे थांबून. मर्यादेनेही भागणार नाही: ज्याची जोडणीच 6.5 ची आहे, तो 5 घेतानासुद्धा जवळजवळ सगळा वेळ खातो.

आधी राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा आणि लिंक स्पीड, म्हणजे फोन आणि राऊटरमधल्या जोडणीचा वेग बघा. फोनच्या वाय-फाय तपशिलातही तो दिसतो. कमाल 72 म्हणजे 2.4 वर एकच अँटेना, 433 म्हणजे 5 वर एक, 866 म्हणजे 5 वर दोन. राऊटरशेजारचा 5 चालणारा फोन 72 किंवा 144 दाखवत असेल, तर तो बहुधा 2.4 वर बसलाय आणि मंद फोनांच्या रांगेत अडकलाय. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, 5 चालणाऱ्यांना 2.4 चा पासवर्डच देऊ नका. निम्मं दुखणं इथेच जाईल.

गंगापूररोड_नेट
सहमत. पण खरा इलाज मागच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा), तोही राऊटरला कॅट-6 नेटवर्क केबलने जोडलेला. वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा रिपीटर नको, एकाच रेडिओवर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. 2.4 वर एकाला चॅनेल 1, दुसऱ्याला 11, चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ. 5 वर 36 आणि 149, रुंदी 40 पुरे.

ॲक्सेस पॉइंटची प्रक्षेपणशक्ती मध्यम ठेवा. फोनचा आवाज राऊटरपेक्षा क्षीण असतो. पडद्यावरच्या काड्या फोनला किती ऐकू येतं तेवढंच सांगतात, राऊटरला फोन ऐकू येतो की नाही ते नाही. म्हणून रेंज फुल्ल दिसूनही पान उघडत नाही.

पंचवटी_अभ्यासिका
धन्यवाद. सेटिंगमध्ये ‘बी/जी/एन’ दिसतंय, ते बदलू का?

तारजोडणी
हो, ‘जी/एन’ करा. ही वाय-फायच्या पिढ्यांची नावं, त्यात बी सगळ्यात जुनी. बी चालू असेल तर राऊटरची स्वतःची हाकाटी (नेटवर्कचं नाव पुकारणारा संदेश) 1 एमबीपीएसने जाते, सेकंदाला सुमारे दहा वेळा, प्रत्येक नावासाठी वेगळी. म्हणून नावंही मोजकीच ठेवा.

किमान दराची (त्याहून मंद जोडणी न घेण्याची) सेटिंग असेल तर 12 एमबीपीएस ठेवा, पण मागचा ॲक्सेस पॉइंट बसल्यानंतरच. आधी केलंत तर मागच्या खोलीतली मुलं तुटतील. आणि हजेरीचं मशीन किंवा प्रिंटर वाय-फायवर असेल तर बदल रात्री करा, लगेच ते जोडलं जातंय का बघा. फार जुनं यंत्र फक्त बीवर चालत असेल, तर त्याला केबल द्या.