स्लाइड प्रोजेक्टरला लेन्स कोणती घ्यावी? (हॉल ४० फूट, पडदा ८ बाय ६)

गडवाट
नमस्कार मंडळी. आमच्या साताऱ्याच्या ट्रेकिंग ग्रुपच्या जुन्या पारदर्शिकांचा कार्यक्रम ठरतोय. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या स्लाइड्स आहेत, बऱ्याचशा सह्याद्रीतल्या, थोड्या हिमालयातल्या. एक्टाक्रोम आणि कोडॅक्रोम, दोन्ही फिल्मवरच्या. बहुतेक पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये (चौकटीत), काही काचेच्या. एका सभासदाच्या भावाने न्यू जर्सीहून कोडॅक कॅरोसेल स्लाइड प्रोजेक्टर आणून दिलाय, सोबत ट्रान्सफॉर्मरही. लेन्स १०२ मिमी, एफ २.८.

वाचनालयाचा हॉल ४० फूट लांब, २५ रुंद, खुर्च्या ऐंशीच्या आसपास. पडदा त्यांचाच, ८ बाय ६. प्रोजेक्टर सगळ्यात मागे टेबलावर ठेवायचा विचार होता. घरी भिंतीवर झकास दिसत होतं, हॉलमध्ये मागून लावलं तर चित्र पडद्याबाहेर सांडतंय. ऑनलाइन शोधलं की १२७, १५२, १७८, झूम असले आकडे दिसतात. यातली कोणती घ्यावी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या
इतका खटाटोप कशाला? स्लाइड्स स्कॅन करा, हॉलवाल्यांचा डिजिटल प्रोजेक्टर असेलच. दिवा उडाला, स्लाइड अडकली, कसली भानगडच नाही.

अंधारखोली
@गडवाट, लेन्सचं नंतर बघू. आधी एक सांगा, उभ्या स्लाइड्स किती आहेत? सगळं त्यावर अडणार आहे.

गणित सोपं आहे. स्लाइडच्या चौकटीतली उघडी जागा साधारण ३४ बाय २३ मिमी. पडद्यावरची रुंदी म्हणजे ३४ गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा). तुमच्या १०२ ला हे तोंडी जमतं, कारण ३४ ही १०२ ची बरोबर तिहाई. म्हणजे जेवढं अंतर, त्याच्या एक तृतीयांश चित्र. पडदा भिंतीपासून जरा पुढे आणि टेबल मागच्या भिंतीपासून जरा अलीकडे धरलं, तर तुम्हाला ३५ फूट मिळतात. चित्र झालं जवळजवळ पावणेबारा फूट. सांडणारच.

तिथेच १५२ लावली तर पावणेआठ फूट. ८ बाय ६ वर आडवी स्लाइड चपखल बसते, रुंदी पावणेआठ, उंची सव्वापाच. बहुतेक लोक इथेच खूश होऊन ऑर्डर टाकतात. मग कार्यक्रमात लिंगाण्याच्या सुळक्याची उभी स्लाइड येते आणि शेंडा छताला, पायथा जमिनीवर. उभ्या स्लाइडची उंची आडवीच्या रुंदीइतकीच पडते ना, म्हणजे पावणेआठ फूट, आणि तुमचा पडदा सहाच फूट उंच. उभ्याही ८ बाय ६ मध्ये बसवायच्या तर मागून २०० मिमीची लेन्स लागेल, आणि मग आडव्या स्लाइड्स ६ बाय ४ वर येतील. ऐंशी माणसांत ते फारच चिमुकलं.

म्हणून स्लाइड शोचा पडदा चौकोनी लागतो. ८ बाय ८. जुन्या क्लबांचे पडदे आठवून बघा, सगळे चौरसच.

गडवाट
दंडवत! उभ्या जवळजवळ एक तृतीयांश आहेत. सुळके आणि धबधबे दुसरे कसे काढणार. चौकोनी पडदा विकत मात्र कुठे दिसला नाही.

आणि झूमच्या जाहिरातीत कुठे ‘सी’ तर कुठे ‘एफएफ’ असं लिहिलेलं असतं, ते काय ते जरा इस्कटून सांगा.

रीळ
पडदा शिवून घ्या. मांजरपाट नको, पिवळसर दिसतो आणि अर्धा उजेड आरपार जातो. पडद्यांच्या दुकानात पांढरं ब्लॅकआउटचं कापड मिळतं ते घ्या, वर-खाली पीव्हीसी पाइप घाला. कडेला चार इंच काळी पट्टी लावलीत तर चित्र एकदम उठून दिसतं, आणि स्लाइड किंचित तिरकी बसली असेल तर तेही खपून जातं. चकचकीत मण्यांचा जुना पडदा कोणी देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा. समोर बसलेल्यांना लख्ख दिसतो, पण २५ फूट रुंद हॉलमध्ये कडेच्या खुर्च्यांना अंधार.

अंधारखोली
सी म्हणजे वक्र क्षेत्र, एफएफ म्हणजे सपाट. पुठ्ठ्याच्या माउंटमधली फिल्म सपाट नसते, तिला हलकासा बाक असतो. सी लेन्स हा बाक धरूनच बनवलेली असते, त्यामुळे मध्य आणि कोपरे एकदम स्पष्ट येतात. काचेच्या माउंटमध्ये फिल्म दाबून सपाट केलेली असते, तिला एफएफ. तुमच्याकडे पुठ्ठा जास्त, तेव्हा सी घ्या. काचेच्या थोड्या आहेत त्यांचे कोपरे किंचित मऊ दिसतील, प्रेक्षकांतल्या कोणाला कळणारही नाही.

फोकस लावताना घाई करू नका. पुठ्ठ्याची स्लाइड गार असते तेव्हा स्पष्ट दिसते, दिव्याची धग लागली की दोन-चार सेकंदांत फिल्म टचकन फुगते आणि चित्र विरघळल्यासारखं होतं. ती फुगल्यावर फोकस लावायचा. तोही नेमका मधोमध न लावता मध्य आणि कोपरा यांच्या अर्ध्यावर.

कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ सालीच थांबवलं, त्यामुळे आता सगळा सेकंडहँड माल. मागवण्याआधी विकणाऱ्याकडून दोन्ही टोकांच्या काचांचे फोटो घ्या, उजेडासमोर धरून काढलेले. आत बुरशीचं जाळं दिसलं तर सोडून द्या. लेन्सच्या नळीचा व्यास तुमच्या मशीनच्या तोंडाशी जुळतो का तेही विचारा, दुसऱ्या कंपनीची लेन्स चांगली असून उपयोग नाही.

माझं मत, १०२-१५२ झूम, एफ ३.५, सी. मागून १५२ च्या टोकाला लावा. हॉल बदलला तरी कामी येईल.

रीळ
इथे मी थोडा वेगळा. लेन्स घेऊच नका. चौकोनी पडदा झालाच, तर तुमच्याच १०२ ने २४ फुटांवरून बरोबर आठ फूट चित्र पडतं. खुर्च्यांमध्ये मधली वाट मोकळी ठेवून प्रोजेक्टर त्या वाटेत ठेवा. चित्र तेवढंच ठेवलं तर उजेड अंतरावर ठरत नाही, लेन्सच्या तोंडावर ठरतो, आणि एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ ३.५ च्या मानाने एफ २.८ मधून साधारण दीडपट उजेड येतो. चाळीसहून जास्त चौरस फुटांवर ३०० वॅटचा दिवा पसरवायचा तर हा दीडपट मोलाचा. जुन्या स्लाइड्समध्ये गडद आभाळ आणि सावल्या भरपूर असतात.

तोटा म्हणजे पंख्याची घरघर आणि शेजारच्या चार खुर्च्या वाया. टेबल मात्र उंच हवं. प्रोजेक्टर खाली ठेवून नाक वर केलंत की चित्र वरच्या बाजूला फाकतं, आणि डिजिटलसारखं बटण दाबून ते सरळ करता येत नाही. लेन्स पडद्याच्या मध्याच्या जमेल तितकी जवळ आणा. उरलं तर पडद्याची वरची कड थोडी पुढे ओढून बांधा, चित्र काटकोनात येतं.

@खटपट्या, स्कॅन जरूर करावं, पण जपून ठेवण्यासाठी. हॉलवाल्यांचा प्रोजेक्टर बहुधा सोळास नऊचा असणार. त्या ८ फुटी पडद्यावर त्याचं चित्र साडेचार फूट उंच. उभी स्लाइड साडेचार बाय तीन फुटांची दिसेल, १९२० पैकी जेमतेम ७२० पिक्सेल वापरून. दोन्ही बाजूंना काळं. आणि ते काळं नको म्हणून कोणीतरी ‘फिल’ दाबतं, की गेला सुळक्याचा माथा.

खटपट्या
साडेचार बाय तीन म्हणजे दाराच्या पल्ल्याएवढंही नाही. बरं, मान्य. पण ८ बाय ८ चा पडदा झालाच तर डिजिटलही जरा मागे नेऊन मोठा करता येईल की?

अंधारखोली
नाही येत. मागे नेलात तर रुंदीही वाढते. उभी स्लाइड आठ फूट उंच हवी तर पूर्ण चित्र चौदा फूट रुंद करावं लागेल आणि बाजूचा सगळा उजेड फुकट भिंतीवर.

@रीळ, तुमचा मुद्दा पटतो, मधली वाट असेल तर माझंही मत १०२ लाच. एक कोडॅक्रोमबद्दल. ती अंधारात वर्षानुवर्षं रंग धरते, पण दिव्यासमोर एक्टाक्रोमपेक्षा लवकर विटते. सरावाला दुसऱ्या स्लाइड्स वापरा, कोडॅक्रोम एकदम कार्यक्रमातच लावा.

फ्यूजवायर
ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे किती भार पेलणारा) ते बघा. दिवाच ३०० वॅटचा, वर मोटर. ५०० च्या खालचा असेल तर हॉलमध्ये दोन तास ओढणार नाही. शिवाय पंखा अमेरिकेच्या ६० हर्ट्झचा, आपल्या ५० वर हळू फिरतो, म्हणजे हवा कमी. एकेक स्लाइड मिनिट-मिनिट धरून गोष्टी सांगत बसू नका.

गडवाट
गोष्टी सांगणारे काका ऐकणार नाहीत, पण सांगून बघतो. :)

मधली वाट आहे, चार फुटांची. लेन्सचा बेत रद्द, ते पैसे कापड, पाइप आणि एका जादा दिव्यात घालतो. ट्रान्सफॉर्मरवर ३०० व्हीए लिहिलंय, तोही बदलावा लागेलसं दिसतंय. दिव्याच्या बुडाशी ‘ईएलएच’ असं आहे, तोच नंबर मागवायचा ना?

फ्यूजवायर
हो, तोच, १२० व्होल्ट ३०० वॅट. दोन मागवा. आणि बोटांनी काचेला हात लावू नका, रुमालाने धरून बसवा.