औषधाच्या बाटलीवरचं लेबल नेमकं वाचायचं कोणी?

मांजलपूरकर (धागा सुरू करणारा)

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं लेबल छपाईचं काम आहे, गिऱ्हाइकांत शेतीऔषधवाले बरेच. त्यामुळे कीटकनाशकाच्या लेबलावर काय काय कोंबतात ते रोज डोळ्यासमोरून जातं, आणि माझं मत आता पक्कं झालंय की हे लेबल शेतकऱ्यासाठी छापतच नाहीत, फाईलसाठी छापतात.

100 मिलीची बाटली घ्या. लेबल म्हणजे तळहाताएवढा कागद. त्यात ब्रँडचं नाव सगळ्यात ठळक, मग टेक्निकल (म्हणजे आतल्या रसायनाचं नाव), टक्के, बॅच, तारखा, रजिस्ट्रेशन नंबर, लायसन्स नंबर, विषबाधेची लक्षणं, उतारा, आणि हे इंग्रजी, हिंदी, गुजराती तिन्हीत. तो विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोणाचा तिरपा चौकोन दर्शनी भागाच्या निदान सोळाव्या हिश्शाएवढा पाहिजे असा नियम आहे, म्हणून तेवढा आम्ही मोजून बसवतो. बाकीचं अक्षर इतकं बारीक की प्रूफ तपासताना भिंग लागतं. पीक, कीड, मात्रा याचं कोष्टक लीफलेटमध्ये, आणि ते लीफलेट घड्या घालून घालून काडेपेटीएवढं करून बाटलीच्या मानेला रबराने अडकवलेलं. दुकानातच गळून पडतं ते.

माझं म्हणणं एवढंच की दर्शनी बाजूला रंग, पीक, 15 लिटरच्या पंपाला किती मिली आणि फवारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे मोठ्या अक्षरात हवं. बाकी सगळं मागे नाहीतर लीफलेटात. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, नियम 1971 चे. 2008 ला बिल आलं, 2020 ला राज्यसभेत परत एक आलं, ते स्थायी समितीकडे गेलं, आणि इतकी वर्षं जी काही चर्चा ऐकतोय ती लायसन्स, दंड आणि डेटा प्रोटेक्शनची, म्हणजे कंपन्यांच्या चाचण्यांची माहिती राखण्याची. लेबल कोणाच्या खिजगणतीत नाही. इथे कंपनीतले पण आहेत आणि खात्यातले पण, बोला.

नोंदणीवाला

भाऊ, छपाईवाल्याच्या खुर्चीवरून सोपं दिसतं. मी कंपनीच्या रेग्युलेटरीत, म्हणजे सरकारी मंजुऱ्यांच्या कामात आहे. लेबलावरचा एकेक शब्द फरीदाबादहून, म्हणजे रजिस्ट्रेशन कमिटीकडून, मंजूर झालेला असतो. त्यातलं स्वल्पविराम हलवायचं तरी कागद फिरवावे लागतात, आणि न फिरवता हलवलं तर कलम 3 खाली तो माल मिसब्रँडेड, म्हणजे चुकीच्या लेबलाचा. मग इन्स्पेक्टरसाहेब सॅम्पल उचलतात, केस माझ्या कंपनीवर होते, तुमच्या प्रेसवर नाही.

आणि पंपाचा हिशोब तर अजिबात नको. ट्रायल हेक्टरवर होतात म्हणून मात्रा हेक्टरी असते. समजा हेक्टरी 250 मिली आणि पाणी 500 लिटर, म्हणजे एकरी 100 मिली आणि पाणी 200 लिटर. 15 लिटरच्या पंपाला आले साडेसात मिली, आणि एकराला पंप लागतात तेरा-चौदा. आता कपाशी गुडघ्याएवढी असताना हाच माणूस आठ पंपांत एकर आटपतो. तुमचं लेबल वाचून त्याने प्रत्येक पंपात साडेसात टाकलं तर एकराला गेलं 60 मिली. डोस कमी पडला, अळी मेली नाही, उलट प्रतिकारशक्ती वाढली, आणि तो म्हणणार कंपनीचा माल बोगस. पॉवर स्प्रेयरवाला वेगळा, ड्रोनवाला त्याहून वेगळा. कुठला पंप छापणार?

मांजलपूरकर

हिशोब एकदम बरोबर, मान्य. पण आज तो काय करतो? हेक्टर त्याला माहीत नाही, आपल्याकडे विघ्यात मोजतात आणि विघा पण सगळीकडे सारखा नाही. मग तो झाकणाने मोजतो. एक झाकण, जोरात कीड असली तर दोन. तुमचा शास्त्रशुद्ध हेक्टरी आकडा लीफलेटात सुखरूप पडून राहतो आणि शेतात झाकण चालतं. पीक लहान असताना इतके पंप, मोठं झाल्यावर इतके, अशा दोन ओळी छापल्या तर काय बिघडेल?

काउंटरवरून

डभोईला दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. मजा वाटते तुमची चर्चा वाचून. गिऱ्हाईक लेबल वाचत नाही हो, मला विचारतो. "काका, कापसात पांढरी माशी आहे, काय देता?" मी पेनाने बाटलीवर लिहून देतो, पंपाला 20, बस. तेच लेबल. ज्याला वाचता येत नाही त्याला मी बोटांनी दाखवतो.

आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची पद्धत आहे, कीटकनाशक, बुरशीनाशक, वर टॉनिक, त्याबद्दल तुमच्या लेबलावर काय लिहिलंय? मजूर एका दिवसात एकदाच फवारणार, मालक तीन वेळा मजुरी देणार नाही. हे मिश्रण मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला नाही.

निवृत्त इन्स्पेक्टर

काउंटरवाले भाऊ, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून रागावत नाही, पण हेच दुखणं आहे. पेनाने लिहिलेल्या त्या 20 ची जबाबदारी कोणाची? म्हणूनच तर विक्रेत्याला शिक्षणाची अट आली, कृषी किंवा केमिस्ट्रीची पदवी नाहीतर मान्य कोर्स. तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा दुकानदारांनीच केला होता.

आता लेबलाबद्दल. मी नोकरीत असताना जे पाहिलं ते सांगतो. नकली मालाचं लेबल सगळ्यात चोख असतं. शब्द न् शब्द बरोबर, त्रिकोण बरोबर, होलोग्राम सुद्धा. कारण त्याला फक्त लेबलच तर छापायचं असतं, आत काहीही भरायचंय. आणि खऱ्या कंपनीच्या मालात कुठे अक्षर खोडलं, कुठे गुजराती मजकूर राहिला, अशा चुका सापडतात, मग केस त्याच्यावर. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार ते पन्नास हजार दंड. केस वर्षानुवर्षं चालते आणि शेवटी दंड भरून सुटका. तेव्हा मांजलपूरकर, अक्षर मोठं केल्याने हे थांबणार नाही. पैसा लॅबवर खर्च करा, लेबलावर नाही.

शिवाय बाजारात "बायो", "हर्बल", "ऑरगॅनिक" म्हणून जे विकतात त्यातल्या काहींत चक्क रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडतं. त्यावर ना त्रिकोण, ना उतारा, ना थांबायचे दिवस. नियमात तर स्पष्ट आहे की कीटकनाशकाच्या लेबलावर "सुरक्षित", "बिनविषारी", "निरुपद्रवी" असा दावाच करता येत नाही, "सांगितल्याप्रमाणे वापरल्यास" अशी शेपटी जोडली तरी नाही. आणि या बायोवाल्यांच्या बाटलीवर हिरवं पान आणि हसणारं बाळ.

मांजलपूरकर

ते हसणारं बाळ आमच्याकडे पण आलं होतं छापायला. परत पाठवलं. दुसऱ्या कोणीतरी छापलंच असणार.

डॉक्टरीण, कारेलीबाग

मी वेगळ्या बाजूने बोलते. इमर्जन्सीला ड्यूटी असते, पावसाळ्यात फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे आजूबाजूच्या तालुक्यांतून केसेस येतात. नातेवाईक घाबरलेले, सांगतात "कापसाची दवा". बाटली आणली तर नशीब, आणि आणली तरी त्यावर ब्रँड एवढा मोठा आणि आतल्या रसायनाचं नाव मी मोबाईलचा टॉर्च लावून शोधायचं. त्यात एकाच ब्रँडचं "सुपर", "गोल्ड", "प्लस" निघतं आणि प्रत्येकात घटक वेगळा. आम्हाला मिनिटं महत्त्वाची असतात. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन चालू करायचं, पायरेथ्रॉइड असेल तर गोष्ट वेगळी, आणि पॅराक्वॉट हे तणनाशक असेल तर उताराच नाही.

त्या पॅराक्वॉटच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो बरं का, लाल नाही. लाल म्हणजे उंदरावरच्या चाचणीत किलोला 50 मिलीग्रॅमपर्यंतच्या तोंडी मात्रेत निम्मे मरतात ते, पिवळा 51 ते 500, निळा 501 ते 5000, त्याच्या वर हिरवा. आकड्यात बसतं म्हणून पिवळा. पण पेशंट बोलत-चालत येतो आणि काही दिवसांनी फुप्फुसं निकामी होऊन जातो, हे त्या रंगात कुठे आहे? मांजलपूरकर, तुमच्या यादीत रसायनाचं नाव नाहीये. माझ्या मते तेच सगळ्यात मोठं छापा, ब्रँड खाली बारीक.

नोंदणीवाला

डॉक्टर, सगळा आदर ठेवून, ब्रँड बारीक करा म्हणजे आमच्या मार्केटिंगवाल्यांना तुमच्याच इमर्जन्सीत आणावं लागेल 😄 पण टेक्निकलचं नाव ठळक हवं हे मला पटतं, त्याला कंपनीतल्या कोणाचा तात्त्विक विरोध नसावा. रंगाबद्दल एक सांगतो. त्या वर्गवारीत तोंडी मात्रेबरोबर कातडीतून जाण्याचे आकडे पण आहेत, नुसतं तोंडी नाही. आणि आमच्या पट्ट्यातून जो माल एक्स्पोर्टला जातो त्या ड्रमवर संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस या धोका दाखवण्याच्या पद्धतीची चित्रं असतात, दीर्घकालीन धोक्याचं वेगळं चित्र असतं, कारण घेणारा देश मागतो. इथे देशात मागत नाहीत म्हणून लावत नाही. मागितलं की एका सीझनमध्ये लावू.

विषमुक्त

म्हणजे परदेशातल्या मजुराला चित्र आणि आपल्याला त्रिकोण. कबुली दिल्याबद्दल आभार.

मुळात तुम्ही सगळे बाटलीवर काय लिहायचं यावर भांडताय, बाटली दुकानात का आहे हे कोणी विचारत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळला कपाशी फवारताना वीसच्या वर माणसं गेली. त्या बाटल्यांना लेबलं नव्हती का? होती की, मंजूर झालेली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, पंप बारीक तुषाराचे, औषधं एकमेकांत मिसळलेली, अंगावर नुसता शर्ट. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनाने 23 मुलं गेली, जेवणात मोनोक्रोटोफॉस. त्या डब्यावर पण कवटी असेलच.

एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, आचारसंहितेत सरळ लिहिलंय की ज्या औषधाला अस्वस्थ करणारी, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते टाळा, खास करून उष्ण हवामानात आणि लहान शेतकऱ्यांसाठी. आता सप्टेंबरमधल्या उकाड्यात पादऱ्याच्या शेतात रबरी हातमोजे, गॉगल, मास्क, ॲप्रन घालून कोण फवारतो ते दाखवा मला. लेबलावर ही चित्रं छापायची म्हणजे कंपनीने हात झटकायची सोय. "आम्ही तर लिहिलं होतं, त्याने घातलं नाही." लाल आणि पिवळा बंद करा, विषय संपला.

नोंदणीवाला

विषय असा संपत नाही. 2020 ला 27 औषधांच्या बंदीचा मसुदा आला, शेवटी बंदी झाली ती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्यांवर, आणि त्याला कारण फक्त आमची लॉबी नाही, पर्याय काय हे पण विचारावं लागतं. स्वस्त औषध काढलं की शेतकरी चौपट महागाचं घेतो, नाहीतर चोरून आलेलं. राज्याला पाहिजे तर तात्पुरत्या बंदीचं कलम 27 आहे, पण ते 60 दिवसांचं, फार तर अजून 30 वाढवा.

विषमुक्त

हो, म्हणजे एका हंगामापुरतं विष काढायचं आणि पुढच्या हंगामात परत ठेवायचं. काय कायदा आहे.

निवृत्त इन्स्पेक्टर

विषमुक्त, यवतमाळचा मुद्दा तुम्ही अर्धाच वापरलात. मिश्रण करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हे त्या मजुरापर्यंत पोचलंच नव्हतं. लेबल होतं पण मालकाच्या घरी, फवारणारा शेतात. आपल्याकडे पण फवारायला दाहोद, छोटा उदेपूरकडची माणसं येतात, घरात भिली-राठवी बोलतात. गुजराती लेबल त्यांना तेवढंच परकं. तिथे चित्र उपयोगी पडतं, हे मी मांजलपूरकरांच्या बाजूने बोलतोय असं समजा हवं तर.

काउंटरवरून

अजून एक राहिलं, भाजीवाल्यांचं. पादऱ्याचे परवळ-टिंडोरावाले (टिंडोरा म्हणजे तोंडली) माझ्याकडे येतात, आणि त्या पिकांसाठी मंजूर औषधं शोधायला गेलं तर यादी चिमूटभर. कंपनी कापूस, भात, मिरचीचा लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मंजुरी, घेते, परवळाच्या ट्रायलला पैसे कोण घालणार. मग मी मिरचीचं औषध परवळावर देतो. थांबायचे दिवस मिरचीचे, परवळाला किती ते कोणाला ठाऊक? आणि दिवस पाळणार कसा, टिंडोरा तर एक दिवसाआड तोडावाच लागतो, नाहीतर पिकून लाल होतो. तुमच्या लेबलावर "10 दिवस थांबा" कितीही मोठं छापा.

मांजलपूरकर

हा मुद्दा खरंच जड आहे. पण मग दर्शनी बाजूला पिकाची नावं मोठी असतील तर निदान शेतकऱ्याला दिसेल ना की यात परवळ नाहीये? आज त्याला ते कळतच नाही, तुम्ही दिलं म्हणजे चालतं असं तो समजतो. द्राक्षवाल्यांचं बघा, 2010 मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या फवारणीतल्या रसायनाच्या अंशावरून माल अडवला, त्यानंतर नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार लेबल क्लेम हा शब्द पाठ म्हणतो. परवळ युरोपला जात नाही, आपण खातो, म्हणून कोणाला घाई नाही.

नोंदणीवाले साहेब, एक सरळ विचारतो. रसायनाचं नाव मोठं, पिकं दर्शनी, दोन ओळी पंपाच्या, असा नमुना मी आमच्या प्रेसमध्ये माझ्या खर्चाने बनवून दिला तर तुम्ही तो तुमच्या असोसिएशनच्या मीटिंगला ठेवाल का?

नोंदणीवाला

पहिल्या दोन गोष्टी ठेवीन. पंपाच्या ओळी काढून द्या.

डॉक्टरीण, कारेलीबाग

आणि अक्षर काळ्यावर पिवळं नको, ओल्या बाटलीवर काही दिसत नाही.

काउंटरवरून

पंपाच्या ओळी काढल्या तर पेन माझ्याकडे आहेच. फक्त तो कागद गुळगुळीत नका करू मांजलपूरकर, शाई बसत नाही.