२००० नंतरचा कसोटी संघ : सलामीला सेहवाग की कुक?

सुहास_बोरिवली
२००० नंतरच्या कसोटीपटूंमधून अकरा जण निवडायचे आहेत. अट एकच : ज्यानं परक्या मैदानावर करून दाखवलंय तोच आत. माझा संघ असा – सेहवाग, ग्रॅम स्मिथ (कर्णधार), द्रविड, सचिन, लारा, कॅलिस, गिलख्रिस्ट, वॉर्न, स्टेन, मॅकग्रा, मुरली.

द्रविडबद्दल वाद होऊच नये. ॲडलेड २००३, पहिल्या डावात २३३, दुसऱ्यात नाबाद ७२ आणि विजयी फटकाही त्याचाच. त्याच वर्षी स्मिथनं इंग्लंडमध्ये लागोपाठच्या कसोटींत २७७ आणि २५९ काढले, आणि पाच वर्षांनी एजबॅस्टनला चौथ्या डावात नाबाद १५४ करून मालिका जिंकून दिली. कर्णधार असाच हवा.

खडूस
सुहासराव, अट तुमचीच आणि यादीतलं पहिलंच नाव तिच्यात बसत नाही. एजबॅस्टन २०११ आठवा. सेहवाग दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर ॲलिस्टर कुकनं २९४ केले. इंग्लंड आणि न्यूझीलंडमध्ये चेंडू हलायला लागला की सेहवागचे पाय जागेवरून हलत नसत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि कुक आपल्याकडे येऊन काय करून गेला? २०१२ मध्ये अहमदाबादला फॉलोऑन मिळाल्यावर १७६. ती कसोटी ते हरले, पण पुढच्याच सामन्यात वानखेडेवर १२२, मग कोलकात्याला १९०, आणि मालिका २-१ घेऊन गेला. आम्ही मैदानावर लहानपणापासून एकच ऐकलं : विकेट फेकायची नाही. कुक इंग्लंडचा, पण खेळ आपल्या मुंबईचा.

पूर्वा
खडूस, तुम्ही गॉल २००८ सोयीस्कर विसरलात. अजंता मेंडिसचा चेंडू कुठे वळणार हे आपल्या फलंदाजांना कळत नव्हतं. सचिन ५, द्रविड २, गांगुली शून्य. भारताच्या ३२९ पैकी सेहवागचे नाबाद २०१! गंभीर सोडला तर दुसऱ्या कुणाची पन्नाशीही झाली नाही. ती कसोटी आपण जिंकलो. परक्या मैदानावरची याहून मोठी खेळी सलामीवीराची दाखवा.

शिवाय त्याच वर्षी ॲडलेडला दुसऱ्या डावात १५१ करून सामना वाचवला. त्याला वाचवता येत नव्हतं, असं म्हणू नका.

खडूस
गॉल मान्य, मनापासून मान्य. पण तीही आशियातलीच खेळपट्टी. दुसऱ्या डावातली त्याची एकूण सरासरी तिशीच्या आसपास आहे. सामना अडकलेला असताना मला तो आकडा चालणार नाही.

नागपूरकर
स्टेनला घेतलंत, बरं वाटलं. २०१० मध्ये जामठ्याला मी स्टँडमध्ये होतो. ५१ धावांत ७ बळी, तेही आपल्या खेळपट्टीवर, जिथे वेगवान गोलंदाज येऊन नुसते घाम गाळतात. चहापानानंतर जुना चेंडू त्यानं असा काही आत आणला की आमचा आख्खा स्टँड गप्प झाला.

पण त्याच डावात भारताचे २३३ आणि त्यातले १०९ सेहवागचे, हेही लिहून ठेवा. स्टेनसमोर उभं राहून.

खडूस
जामठा म्हणजे घरचंच मैदान, दादा.

पूर्वा
अट इतकी कडक लावायची तर फिरकीपटूंना पण लावा. वॉर्नला भारतात ९ कसोटींत ३४ बळी, प्रत्येक बळीमागे ४३ धावा. मुरलीची भारतातली सरासरीही पंचेचाळिशीची. दोघंही आपल्याकडे फिके पडले.

सुहास_बोरिवली
वॉर्नची २००५ची ॲशेस आहे. एकाच मालिकेत इंग्लंडमध्ये ४० बळी, संघ हरत असताना. मला तेवढं पुरतं. मुरलीवर मात्र मी आता तितका ठाम नाही. तिसरा वेगवान म्हणून बुमरा घ्यावा का, असं मनात आहे. वीसपेक्षा कमी सरासरीनं २०० कसोटी बळी पूर्ण करणारा तो पहिलाच.

सलामीचं म्हणाल तर खडूसनी मला अडकवलंय. अट मी घातली, आता मागे घेणार नाही. सेहवाग बाहेर, कुक आत. हे लिहिताना जिवावर आलं, कारण मुलतानचे ३०९ आम्ही चाळीतल्या एकाच टीव्हीसमोर तीसेक जणांनी पाहिले होते.

पूर्वा
म्हणजे आता स्मिथ आणि कुक, दोन्ही सलामीवीर डावखुरे! समोर नव्या चेंडूवर अश्विन असेल तर? २०१८ मध्ये त्यानं कुकला दोन्ही डावांत त्रिफळाचीत केलं, चेंडू पडून बाहेर वळला आणि ऑफ स्टंप गेला. मैदान कुठलं होतं, खडूस? तुमचं तेच एजबॅस्टन.