मदत हवी आहे: मराठी उपासनेत पुन्हा जीव कसा आणायचा?

जय ख्रिस्त मंडळी, नागपूरकरांनी जरा सांगा. आमच्या मराठी उपासनेला आता पुढचे काही बाकच भरतात, बहुतेक साठीच्या वरचे, तरुण पोट्टे नोकरीसाठी पुणे-हैद्राबादला गेले आणि जे इथे आहेत ते इंग्लिश सर्व्हिसला जातात नाहीतर मोबाईलवरच बघतात. ज्या शहरात २९ नोव्हेंबर १९७० ला ६ वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सुरू झालं तिथे असं व्हावं याचं फार वाईट वाटतं हो.

पण लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) घरगुती प्रार्थनेला बसायला जागा उरत नाही! पेटी-ढोलकीवर भजन सुरू झालं की शेजारची लेकरंही येऊन बसतात, आजारी माणसाकडे डबा कोण नेणार तेही तिथेच ठरतं. माझ्या मते खरी मंडळी तीच आहे, नुसती रविवारची हजेरी मोजून काही कळत नाही.

तर कुणी अशा घरसभा वर्षभर चालवल्यात का? रविवारची वेळ संध्याकाळी केल्यावर तरुण आले का? आणि भजनाची पेटी शिकवणारं सदर-मोहननगरकडे कुणी असेल तर प्लीज कळवा, पाळकसाहेब तयार आहेत, पास्टोरेट कमिटीला (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीला) मात्र कसं पटवायचं तेही सांगा.