अनुभव धागा: जुन्या चांदीच्या नाण्यांवरचे डाग तुम्ही कसे काढता?

जुनं चांदीचं नाणं हातात आलं की ते घासून लखलखीत करायचा मोह होतोच. पण एकदा घासलेलं नाणं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. म्हणून मंडळी, इथे फक्त स्वतः केलेलं आणि पाहिलेलं लिहा: डाग कसला होता, काय वापरलं, नाण्याचं काय झालं. सुरुवात मी करते.

माझ्या संग्रहातली काही नाणी आधीच्या मालकाने मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवली होती. वरून बरी दिसायची, पण दिव्याखाली तिरकी धरली की अक्षरांच्या खाचांत हिरवट, ओशट थर दिसे. हा चांदीचा नेहमीचा काळेपणा नव्हे. अशी पाकिटं बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकची असतात. मऊ पीव्हीसीत मिसळलेली तेलकट द्रव्यं हळूहळू पाझरतात, प्लॅस्टिक जुनं झालं की आम्लही सुटतं आणि ते चांदीत मिसळलेल्या तांब्याला धरतं. त्यामुळे हा थर तसाच ठेवण्यात अर्थ नाही, तो धातू खात राहतो.

मी शुद्ध ॲसिटोन वापरलं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध, रंग, तेल असं काहीबाही असतं. भांडं काचेचं, खिडक्या उघड्या, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही. नाणं बुडवून भांडं झाकलं, मग ॲसिटोन बदललं, पुन्हा बदललं. शेवटची आंघोळ अगदी ताज्या ॲसिटोनची हवी, नाहीतर ते उडून जाताना विरघळलेला मळ नाण्यावरच बसतो. हिरवा थर पूर्ण निघाला. खाली काही अक्षरांच्या कडेला बारीक खड्डे पडलेले दिसले, ते भरून येणार नाहीत. पण नाण्याची जुनी करडी कळा जशीच्या तशी राहिली, कारण ॲसिटोन चांदीच्या सल्फाइडला, म्हणजे गंधकाने आलेल्या काळपट थराला, हात लावत नाही. मला हेच हवं होतं: बाहेरून चिकटलेलं निघावं, नाण्याचं स्वतःचं राहावं.

धातुप्रेमी
चिकटपट्टीचा जुना, पिवळा पडलेला गोंदही ॲसिटोननेच गेला. कापसाने चोळू नका, नुसतं भिजू द्या.

मुद्राशोधक
माझा अनुभव मातीचा आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं ठेवायचं, पाणी गढूळ झालं की बदलायचं, आणि घाई करायची नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून ते टाळते. कोरडं करताना मऊ कापडाने फक्त टिपायचं. मातीचे कण चांदीपेक्षा कठीण असतात. पुसलं की ओरखडा आलाच. फार काळ जमिनीत राहिलेल्या एका नाण्यावर मात्र करडा-जांभळा कडक थर होता. तो सिल्व्हर क्लोराइड निघाला. म्हणजे नाण्याचीच चांदी बदलून तो थर झाला होता, वरचे ठसेही त्यातच होते. ते नाणं मी संवर्धकाकडे सोपवलं.

रजतरेषा
ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी, हा प्रयोग मी पूर्ण झिजलेल्या नाण्यावर केला. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि काळेपणा भराभर जातो: गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी मागे राहते. पण ती चांदी निस्तेज, पांढुरकी दिसते. संग्रहातल्या नाण्यावर मी हे कधीही करणार नाही.

जुनीनाणी
रजतरेषा, सहमत. बाजारात मिळणाऱ्या डिपबद्दलही, म्हणजे नाणं बुडवून काळेपणा काढायच्या तयार द्रावणाबद्दलही, तेच. त्यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. काळा थर म्हणजे सल्फाइडात बदललेली चांदीच, तो निघाला की तेवढी चांदी गेली. न वापरलेल्या नाण्यावर टाकसाळीत ठसा पडताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषा असतात. नाणं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा फिरतो तो त्यांच्यामुळे. वारंवार डिप केलं की हा पट्टा मरतो. मिश्रधातूकडेही बघा. ब्रिटनने 1920 साली नाण्यांतली चांदी 92.5 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली, म्हणजे उरलेला निम्मा भाग इतर धातूंचा. एकाच द्रावणात दोन्ही काळांची नाणी सारखी वागतील असं समजू नका.

टूथपेस्ट आणि राख यांबद्दल एवढंच: दोन्ही पॉलिश करतात, म्हणजे खरवडतात. भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेघा दिसल्या की जाणकार ते नाणं 'साफ केलेलं' म्हणून बाजूला ठेवतो.

कडेनेधरा
साठवणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्यांजवळ ठेवू नका, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पाकीट पीव्हीसीचं आहे का, हे मी असं बघतो: तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा, धूर हुंगू नका, आणि ॲसिटोनची बाटली आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.