मदत हवी आहे : जातं टाकवून (टाकीनं दगडाला पुन्हा खाचा पाडून) देणारं कुणी आहे का?

आजी 84 वर्षांची. तिच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतोय. वही घेऊन समोर बसलं की म्हणते, "काही याद येत न्हाई रं." परवा नुसता खुंटा हातात धरला, तर माहेरच्या 7 ओव्या सलग म्हणाली! बाकीच्याही तिथंच अडकल्यात बहुतेक.

पण जातं गुळगुळीत झालंय, पीठच पडत नाही. रिकामं फिरवायला ती तयार नाही.

अंबाजोगाई, केज, परळीकडं जातं टाकवणारा पाथरवट कुणाला माहीत आहे का? आमच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, अख्खा 'पंचीकरण' ग्रंथ लिहिला. माझी 100 पानी वही अर्धीही भरली नाही. शिवाय, रेकॉर्ड करताना जात्याच्या घरघरीत आजीचा आवाज स्पष्ट येण्यासाठी मोबाईल कुठं ठेवावा?