लॉन काढून नकली गवत टाकावं का? इंदूरकरांनो, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरासमोरच्या बागेचा आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतेय.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला जुन्या बंगल्यात राहतो. समोर तीस बाय वीस फुटांचं लॉन आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नोकरीत असताना हौसेने हरळी लावली होती. मग कुणीतरी नर्सरीतून 'सिलेक्शन वन' आणून वर चिकटवलं. आता काय कुठलं ते गवतालाही सांगता येणार नाही. कोपऱ्यात लंगडा आंबा आहे, जुना आणि चांगला घेरदार. त्याच्याखालचा जवळजवळ अर्धा भाग टकला झालाय. पावसाळ्यात तिथे शेवाळ आणि नागरमोथा, एरवी नुसती माती. उन्हातला अर्धा बरा असतो, पण एप्रिल लागला की पिवळा पडायला लागतो.

नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. बोरिंग एप्रिलअखेर हवा ओकायला लागतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर लांबून, चारशे मीटरहून जास्त वर चढवून आपल्यापर्यंत येतं. ते गवतावर ओतायला माझा तरी हात धजत नाही. टँकर मागवून लॉन जगवणं तर मला सरळ उधळपट्टी वाटते. माळीदादा पूर्वी नेमाने यायचे, आता त्यांच्या सवडीने येतात. अण्णांचं वय 81, कंबर धरलेली, तरी रोज सकाळी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून खुरप्याने नागरमोथा काढत बसतात. मी शाळेत नोकरीला, नवरा आठवडाभर भोपाळला.

मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, पैसे मी देतो, आर्टिफिशियल टाकून टाक, कटकट मिटेल." त्याच्या आग्रहाने एका दुकानदाराला बोलावलं. तो 35 मिलिमीटर उंचीच्या गवताचे तळहाताएवढे तुकडे घेऊन आला. हात फिरवला तर खरंच मऊ. मजा म्हणजे हिरव्या पात्यांच्या बुडाशी तपकिरी कुरळे धागे मुद्दाम घातलेले असतात, खालचं गवत वाळल्यासारखं दिसावं म्हणून. त्याचे पैसे मोजायचे! आमच्याकडे ते फुकट आहे.

गवत 60 रुपये फूट, खालची तयारी आणि मजुरी धरून एकूण 68 हजार सांगितले. तोंडी म्हणाला दहा वर्षं बघायला नको. कागदावर मात्र तीन वर्षांची गॅरंटी, तीही फक्त रंग उडण्याची.

उन्हात ते किती तापतं? आपल्या काळ्या मातीवर नीट बसतं का? आंब्याचा पालापाचोळा, मोहोर, चिकटा यांचं काय? आणि दिवाळीत मुलं अनार लावणार, त्याचं काय? ज्यांनी जमिनीवर टाकलंय, गच्चीवर नव्हे, त्यांनी अनुभव सांगितला तर फार बरं. नवरा आणि मुलगा एका बाजूला, मी कुंपणावर. अण्णांनी दुकानदारासमोर एकच प्रश्न केला: "मग सकाळी मी काय करू?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

– कैरी

—

भंवरकुआँवाला: ताई, आमच्या गच्चीवर आहे आणि आम्ही खूश आहोत, हे आधी सांगतो. पण गच्चीवर सिमेंटला उतार असतो, पाणी निघून जातं, झाड नसतं. तुमचं प्रकरण निराळं. दिवाळीचं विचारलंत म्हणून सांगतो: फुलबाजीची ठिणगी पडली की पातं वितळून खाली काळा कडक ठिपका बसतो. तो निघत नाही, तेवढा तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो, आणि नवा तुकडा वेगळा हिरवा दिसतो. रंगपंचमीला आम्ही तर ते गुंडाळूनच ठेवतो. तुम्हाला तीस बाय वीस कुठे गुंडाळता येणार?

धूळ बसते. कडक ब्रशने उलट्या दिशेने झाडावं लागतं, नाहीतर पाती आडवी होतात. महिन्यातून एकदा पाइपने धुतो. म्हणजे पाणी अगदी शून्य लागत नाही.

कुंडीतला कडुलिंब: कैरीताई, नर्सरीचं काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. नकली गवत तिच्यावर थेट अंथरलं तर दोन पावसाळ्यांत त्याला पोट सुटतं, जोड उघडे पडतात. चार-पाच इंच माती काढून मुरूम, त्यावर खडीची चुरी, ती ठोकून लेव्हल, थोडा उतार, मग कापड आणि मग गवत, असं करावं लागतं. दुकानदार 'खालची तयारी' म्हणतो त्यात नेमकं काय धरलंय ते लिहून घ्या. बरेच जण वाळूचा एक थर देऊन मोकळे होतात.

दुसरी, आंबा. खोदाई करणारा माणूस मुळं बघत नाही. आंब्याची बारीक, पाणी शोषणारी मुळं वरच्या थरातच असतात. ती तोडून वर ठोकलेली चुरी आणि प्लास्टिक घातलं तर झाडाला हवा-पाणी दोन्ही कमी. शिवाय मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो, तो प्लास्टिकच्या पात्यांवर बसला की त्यावर धूळ आणि काळी बुरशी. खऱ्या गवतावरही पडतो, पण ते वाढतं, तुम्ही कापता, विषय संपतो.

तिसरी, नागरमोथा. दुकानदार म्हणाला असेल की आता तण विसरा. नागरमोथ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो कापड आणि प्लास्टिक दोन्ही भोकतो. एकदा नकली गवतातून वर आला की उपटायलाही अवघड.

आता लॉनबद्दल. हरळी असो की सिलेक्शन, त्यांना दिवसाला पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. आंब्याखाली तुम्ही कितीही पाणी ओता, ते येणार नाही. ती जागा लॉनची नाहीच. म्हणजे तुमचं खरं लॉन तीनशे फूट.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर धरलं तर सहाशे फुटांना, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटरना, 280 लिटर लागतात. अर्ध्याला 140. आणि हरळीला रोज हिरवंगार ठेवायलाच हवं असं नाही. मे महिन्यात ती पिवळी पडते म्हणजे मरत नाही, जमिनीखालच्या खोडांत जीव धरून बसते आणि पहिल्या पावसाला उठते. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा खोल भिजवा. गवत जरा उंच ठेवा, मशीन बुडाशी लावू नका. आरओचं फेकलं जाणारं पाणी हरळीला चालतं, ती खारटपणा बऱ्यापैकी सोसते.

जाता जाता: कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर शिकवतात ती आपल्याच गावातली. अल्बर्ट हॉवर्ड 1924 पासून इथल्या संस्थेत काम करत होते, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. पावसाच्या तोंडावर लॉनवर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्या आणि बघा.

जुना सेंटर हाफ: नकली गवताचं नाव काढलं की आमच्या पिढीला 1976 चं माँट्रियल आठवतं. ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. महूसारख्या गावात मातीवर वाढलेल्या खेळाडूंचं सगळं कसब एका रात्रीत निकालात निघालं. पण मुद्द्याचं सांगतो. हॉकीचं टर्फ सामन्याआधी पाण्याने भिजवावं लागतं! पाणी वाचवायला प्लास्टिक, आणि प्लास्टिक भिजवायला पाणी. घरच्या गवताला तेवढं लागत नाही हे मान्य, पण तापलं की तुम्हीही पाइप घेऊन उभ्या राहणार.

उंबरठा: काका, विषयांतर! :)

कैरी, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एक विचारते. अण्णांना मधुमेह आहे का? असेल तर तळपायाची संवेदना कमी असू शकते आणि तापलेल्या गोष्टीवर अनवाणी उभं राहिल्याचं कळतसुद्धा नाही, थेट फोड दिसतात. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2002 मध्ये आपल्या मैदानावर मोजलं होतं: नकली गवताचं सरासरी तापमान 47 अंश सेल्सियस, शेजारच्या खऱ्या गवताचं 26 च्या आत. कडक उन्हात एकदा 93 अंशही नोंदलं गेलं. पाणी मारलं की उतरतं, पण थोड्याच वेळात परत चढतं.

खरं ते दुसऱ्या बाजूचंही सांगते. ऊन सरलं की नकली गवत लवकर निवतं, फरशीसारखं रात्रीपर्यंत तापलेलं राहत नाही. सकाळी सहाला अण्णा चालणार असतील तर काही प्रश्न नाही. दुपारी चारला चप्पल हवीच.

साधा माणूस: सगळं वाचलं. मला कळत नाही, लॉनचं एवढं कौतुक कशाला? साहेबांच्या बंगल्यांवरून आपण उचललेली फॅशन. आपल्या आजीच्या अंगणात तुळस होती, सडा होता, चार फुलझाडं होती. सगळीकडे कोटा फरशी घाला, कुंड्या ठेवा, मोकळे व्हा.

भंवरकुआँवाला: साधा माणूस, सगळीकडे फरशी घातली तर पावसाचं पाणी थेट गटारात. ताईंचं बोरिंग आधीच आटलंय.

कैरी: सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, हो, अण्णांना मधुमेह आहे, बरीच वर्षं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल रविवार होता, नवराही घरी होता, म्हणून दुकानदाराने ठेवलेला तुकडा दुपारी दोनला लॉनवर उन्हात ठेवून बघितला. करोनाच्या वेळी घेतलेली कपाळाची बंदूक आणली, तर ती 'हाय' दाखवून गप्प. मग शेजारी एसी दुरुस्त करायला आलेल्या मुलाकडची बंदूक मागितली. हवा 41. नकली तुकडा 66. कोटा फरशी 53. टकल्या मातीचा उन्हातला भाग 56. आदल्या संध्याकाळी भिजवलेली हरळी 37. नवऱ्याने बंदूक दोनदा झटकून परत मोजलं, आकडे तेच. मग त्याने तुकड्यावर अनवाणी पाय ठेवला आणि लगेच उचलला. त्यानंतर मुलाला फोन त्यानेच लावला.

म्हणजे उन्हातला अर्धा भाग हरळीच राहणार, मे महिन्यात पिवळा पडला तर पडू दे. 'हिरवंच दिसलं पाहिजे' हा हट्ट सोडला की निम्मं पाणी तिथेच वाचतं. आंब्याखालच्या भागाचं मात्र काहीतरी करायला हवं. सगळीकडे फरशी मला नको, आणि सावलीत काय लावू ते कळत नाही. जलपिंपळी जमिनीवर छान पसरते असं ऐकलंय, ती चालेल?

मुलगा म्हणतो पैसे काढून ठेवलेत, ते परत घेणार नाही.

कुंडीतला कडुलिंब: जलपिंपळी कमी पाण्यात उत्तम, पण तिलाही ऊन हवं. हरळीच्या कडेने लावा, दाट सावलीत विरळ होईल. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा अनवाणी चालण्याच्या वाटेवर नको.

आंब्याखाली हळद लावा. आंबेहळद, आलंही. पातळ सावली त्यांना मानवते. बुंध्यापासून चार-पाच फूट सोडून, मुळं न दुखावता, वर कंपोस्ट-मातीचा वाफा करून त्यात कंद घाला. पाऊस स्थिरावल्यावर डोळा वर ठेवून दोन-अडीच इंच खोल. पानं जानेवारीच्या सुमारास वाळली की काढायची. ये-जा करायला वाफ्यांच्या मधून फरशीचे सुटे तुकडे ठेवा, फटींतून पाणी जिरू द्या.

आणि मुलाचे पैसे छताला लावा. हजार फुटांचं छत असेल तर इंदूरच्या नऊशे मिलिमीटर पावसात 80 हजार लिटरच्या वर पाणी त्यावर पडतं. ते गाळून बोरिंगच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या, छतावरची घाण आत नको.

कैरी: छत अकराशे फूट आहे. पाइप सध्या थेट रस्त्यावर सोडलेला आहे. प्लंबरला उद्याच बोलावते.

हळदीचं अण्णांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, वाफे करण्याआधी नागरमोथ्याच्या गाठी खालपर्यंत काढल्याशिवाय कंद लावायचा नाही, नाहीतर हळदीतून तो वेगळा करता येत नाही. बरोबर आहे का हे?

कुंडीतला कडुलिंब: शंभर टक्के. साखळीसारख्या गाठी असतात, एक तुटून राहिली की तिथून परत येतो. वीतभर खोल जावं लागेल, आणि माती थोडी ओली असतानाच, म्हणजे साखळी अख्खी निघते. वाफे मात्र कंबरेला झेपतील एवढ्या उंचीचे करा.